गाण्यातून शब्द, संवादातून सूर: नवशिक्यांनी चिनी भाषा कशी शिकावी

आमच्या अंबडच्या कारखान्यात पाकिटे भरण्याचे एक यंत्र आहे. त्यावर अळंबीच्या टोपीसारखे लाल बटण असून त्याखाली दोन चिनी अक्षरे छापलेली आहेत. यंत्र बसवले त्या दिवशी ऑपरेटरने तिथे कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर पेनाने ‘अर्जंट बंद’ असे लिहिले आणि आमचे काम भागले. पुढे काही महिन्यांनी मी एक चिनी मालिका पाहत होतो. तीत एक बाई गाडीच्या चालकावर ‘थिंग!’ असे ओरडली, आणि पडद्याच्या तळाशी उमटलेल्या ओळीत मला त्या बटणाखालचे दुसरे अक्षर दिसले. ‘थिंग’ म्हणजे थांब, आणि बटणावरचे ‘ची थिंग’ म्हणजे तातडीने थांब. ते अक्षर मला नंतर कधी घोकावे लागले नाही.

सातपूर-अंबड भागात खरेदीचे, देखभालीचे किंवा आयातीचे काम करणाऱ्यांना, तसेच केवळ हौस म्हणून ही भाषा शिकू पाहणाऱ्यांना, नाशिक न सोडता आणि दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास देऊन गाणी, चित्रपट आणि मालिका यांच्या आधारे सुरुवात कशी करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे. येथे ‘चिनी’ म्हणजे ‘फू-थोंग-ह्वा’, अर्थात चीनची प्रमाणभाषा, जिला आपण मँडरिन म्हणतो. एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण ती उशिरा कळल्यामुळे माझे जवळजवळ अर्धे वर्ष वाया गेले. चिनी गाणे शब्द देते, वाक्यरचना देते, उत्साह देते. पण चिनी बोलण्याचा सूर देत नाही. तो संवादातून घ्यावा लागतो.

पहिले दोन आठवडे: गाणे नाही, फक्त ध्वनी

या भाषेत एकाच उच्चाराचे अर्थ सुरानुसार बदलतात. ‘मा’ वरच्या पट्टीत सपाट म्हटले तर आई, चढत्या सुरात म्हटले तर ताग-अंबाडीसारखे धाग्याचे झाड, खाली दाबून म्हटले तर घोडा आणि वरून खाली आपटले तर शिवी देणे. हे चार सूर आपल्या तोंडात नाहीत असे मुळीच नाही. फक्त आपण ते शब्दाचा अर्थ बदलण्यासाठी वापरत नाही. डॉक्टर घसा तपासताना जो लांब, सपाट ‘आऽ’ काढायला लावतात, तो पहिला सूर. फोनवर नीट ऐकू न आल्यावर आपण ‘काय?’ म्हणतो, तो दुसरा. समोरच्याचे पटलेले नसताना घशातल्या घशात ‘बरंऽ’ म्हणतो, तो तिसरा. पोराला दटावताना ‘बस!’ म्हणतो, तो चौथा. यांखेरीज एक हलका, बिनसुराचा उच्चार असतो, जो मागच्या अक्षराला टेकून येतो. तिसऱ्या सुराची दोन अक्षरे लागोपाठ आली की पहिले दुसऱ्या सुरात जाते, म्हणूनच ‘नी हाओ’ या नमस्कारातला ‘नी’ प्रत्यक्षात चढताना ऐकू येतो.

मराठी माणसाला या टप्प्यावर जो लाभ मिळतो त्याची जाणीव फार थोड्यांना असते. १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या ‘फिन-यिन’ या रोमन लेखनपद्धतीत ‘बी’ आणि ‘पी’ ही अक्षरे दिसतात, परंतु त्यांचे उच्चार ‘ब’ आणि ‘प’ नसून ‘प’ आणि ‘फ’ यांच्या जवळचे आहेत. तसेच ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ‘त’ आणि ‘थ’, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. अल्पप्राण आणि महाप्राण यांतला हा भेद इंग्रजी वळणाच्या कानाला महिनोन्महिने सापडत नाही. आपण तो बालवाडीत शिकलेलो असतो. येथे ‘फ’ मात्र आजीच्या ‘फणसा’तला, दोन्ही ओठ मिटून काढलेला घ्यावा, कारण हल्ली आपण सर्रास दातांवर ओठ टेकवून ‘फ’ म्हणतो आणि चिनीत तो वेगळा ध्वनी आहे. दुसरा लाभ ‘च’चा. ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतला दंत्य च आणि ‘चहा’ व ‘चार’ यांतला तालव्य च हे दोन्ही चिनीत स्वतंत्र ध्वनी म्हणून येतात, आणि जीभ मागे वळवून काढायचा तिसरा च तेवढा नव्याने शिकावा लागतो.

म्हणून माझा आग्रह असा की, फिन-यिनचा तक्ता समोर ठेवून प्रत्येक ध्वनी ऐकावा आणि त्याच्यापुढे देवनागरीत स्वतःची खूण लिहावी. देवनागरीत लिहिल्याने उच्चार बिघडतो असे काही शिक्षक सांगतात. ‘बी’ पाहून ‘ब’ म्हणण्याने तो त्याहून अधिक बिघडतो, असा माझा अनुभव आहे. मात्र महिन्याभरात ही कुबडी टाकून फिन-यिनवर यावे, कारण शब्दकोश आणि फोनचा कळफलक दोन्ही त्यावर चालतात.

मग गाणे, आणि तेही एकच

पहिले गाणे बालगीत असावे, यात कमीपणा मानू नये. ‘आर यू स्लीपिंग’च्या चालीवर चीनमधील प्रत्येक मूल दोन वाघांचे गाणे म्हणते: दोन वाघ जोरात पळतात, एकाला कान नाहीत, एकाला शेपूट नाही, केवढे नवल! एवढ्या चार ओळींत ‘मेइ-यौ’ म्हणजे ‘नाही’ हा रोज लागणारा शब्द येतो, आणि मोजण्याच्या वस्तूआधी ‘दोन’साठी ‘अर्’ न म्हणता ‘ल्यांग’ म्हणायचे हेही समजते. वाघ थेट ‘दोन वाघ’ असे मोजता येत नाहीत. मध्ये एक मापशब्द घालावा लागतो. आपण माणसे मोजताना ‘चार जण’ म्हणतो, तसा चिनीत प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी वेगळा ‘जण’ असतो, असे समजावे.

दुसरे गाणे तंग ली-च्युन या तैवानी गायिकेचे घ्यावे. जगाने तिला टेरेसा टेंग म्हणून ओळखले. ती १९५३ साली जन्मली आणि १९९५ साली तिचे निधन झाले. तिचे शब्द इतके स्वच्छ आहेत की नवशिक्यालाही ते सुटे करता येतात. चीनमध्ये त्या काळी लोक गमतीने म्हणत की दिवसा म्हाताऱ्या तंगचे ऐकायचे आणि रात्री छोट्या तंगचे. म्हातारा तंग म्हणजे राज्य चालवणारा तंग श्याओ-फिंग, आणि छोटी तंग ही. तिच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचे नाव ‘यूए-ल्यांग ताइ-प्याओ वो त शिन’ असे आहे. शब्दाखाली शब्द मांडला तर ‘चंद्र, दर्शवतो, मी-चे, मन’. या एका नावात दोन नियम बसलेले आहेत. एक, क्रियापद आपल्याप्रमाणे शेवटी न येता कर्माच्या आधी येते. दोन, ‘त’ हा हलका उच्चार आपल्या चा-ची-चेचे काम करतो, मात्र पुढचे नाम कोणतेही असो, तो बदलत नाही. ज्यांनी मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला ‘माझा खुर्ची’ म्हणताना ऐकले आहे, त्यांना ही सोय किती मोठी आहे ते कळेल.

गाण्यावर काम करण्याची पद्धत अशी. गीताचे शब्द वहीत एका ओळीआड लिहावेत, प्रत्येक अक्षरावर सुराची खूण करावी, आणि चाल पूर्णपणे विसरून ती ओळ बोलून दाखवावी. बोलणे जमल्यावरच गावे. हा क्रम उलटा करू नये, कारण मँडरिन गाण्यात शब्दाचा मूळ सूर चालीखाली दबून जातो. चाल वर गेली की खाली दाबायचा शब्दही वर जातो. हाँगकाँगच्या कँटोनीज गाण्यांत गीतकार शब्दांचे सूर चालीशी जुळवून घेतात, परंतु ती भाषाच वेगळी.

याचा फटका मला कामावरच बसला. ‘माइ’ खाली दाबून म्हटले तर विकत घेणे आणि वरून आपटून म्हटले तर विकणे. मी हा शब्द एका गाण्यातून उचलला होता, आणि तिथे चाल नेमकी त्याच जागी कोसळत होती. व्हिडिओ कॉलवर एका पुरवठादाराला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की आम्हाला दोन यंत्रे विकायची आहेत. त्या बिचाऱ्याने ती किती जुनी आहेत, असे अत्यंत सभ्यपणे विचारले. लिहिताना हा घोळ होत नाही, कारण ‘विकणे’ हे अक्षर म्हणजे ‘घेणे’ या अक्षराच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खूण. बोलताना मात्र सुराशिवाय दुसरा आधार नसतो.

एक गाणे पंधरा दिवस पुरवावे. चौ च्ये-लुन, म्हणजे जे चौ, याच्या २००० सालापासूनच्या गाण्यांचे चाहते जगभर आहेत, पण तो शब्द गिळत गातो आणि चिनी श्रोतेसुद्धा त्याच्या गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐकतात. त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी वळावे.

ओळखीच्या चित्रपटांची अनोळखी नावे

गाण्याकडून संवादाकडे जाताना मधली पायरी म्हणून मी सर्वांना हिंदी चित्रपटांची चिनी नावे वाचायला सांगतो, कारण अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे सर्व लक्ष भाषेकडे देता येते. राज कपूरचा ‘आवारा’ १९५०च्या दशकात तिथे ‘ल्यौ-लांग-च’ म्हणजे ‘भटक्या’ या नावाने पोहोचला. ‘दंगल’ २०१७ साली ‘ष्वाइ-च्याओ प! पापा’ या नावाने लागला आणि त्याने तिथे शंभर कोटी युआनहून अधिक गल्ला जमवला. ‘ष्वाइ-च्याओ’ म्हणजे कुस्ती. पुढे तीन वेळा एकसारखा वाटणारा उच्चार येतो, त्यांतला पहिला हलका ‘प’ हा आपल्या ‘ना’सारखा आर्जवाचा शब्द आहे आणि नंतरचे दोन मिळून ‘बाबा’ होतात. ‘कुस्ती खेळा ना, बाबा!’ एवढे नीट म्हणता आले, म्हणजे हलका सूर आणि चौथा सूर यांतला फरक जिभेवर बसला.

‘थ्री इडियट्स’चे नाव ‘सान षा ता नाओ पाओ-लाइ-वू’, म्हणजे तीन वेडे बॉलिवूडमध्ये मोठा धुमाकूळ घालतात. यातले ‘ता नाओ’ हे शब्द चिनी माणसाला थेट सुन वू-खोंग या वानरवीराची आठवण करून देतात, कारण स्वर्गात धुमाकूळ घालण्याच्या त्याच्या कथेचे नावच ‘ता नाओ थ्येन-कोंग’ असे आहे. हा वानर ‘शी यौ ची’ या सोळाव्या शतकातील कादंबरीत एका भिक्खूसोबत पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे, बौद्ध ग्रंथ आणायला निघतो. तो भिक्खू ज्याच्यावरून रचला, त्या श्वेन-त्सांग याने सातव्या शतकात महाराष्ट्रातूनही प्रवास केला होता. अंजनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना या वानराचे मूळ हनुमंतात दिसणे स्वाभाविक आहे. हू शी या चिनी विद्वानाने १९२३ साली तसे मत मांडले, आणि लेखक लू शून यांना ते पटले नाही. आपण त्या वादात पडू नये. मात्र या कथेवरची १९८६ सालची दूरचित्रवाणी मालिका भाषा शिकण्यासाठी लगेच लावू नये. ऐतिहासिक आणि पौराणिक मालिकांची भाषा दरबारी असते. आपल्या ऐतिहासिक मालिका पाहून मराठी शिकलेला परदेशी पाहुणा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला ‘कोण आहे रे तिकडे!’ म्हणाला तर जे होईल, तेच आपले होते.

दोन मिनिटांचा एक प्रसंग, आठवडाभर

आता मुख्य काम. चिनी मालिका आणि चित्रपट यांत चिनी अक्षरांच्या ओळी बहुधा पडद्यावरच छापलेल्या असतात. हे परदेशी लोकांसाठी नसते. बोलींमध्ये एवढे अंतर आहे की प्रेक्षकांना त्यांची गरज भासते. शिकणाऱ्याला ही सोय आयतीच मिळते.

आरंभी लहान मुलांची कार्टून मालिका घ्यावी. ‘पेप्पा पिग’ची चिनी आवृत्ती, म्हणजे ‘श्याओ चू फेइ-छी’, चिनी शिकणाऱ्यांत लोकप्रिय आहे, कारण भाग पाच मिनिटांचा, वाक्ये आखूड आणि उच्चार खणखणीत असतात. त्यानंतर सध्याच्या काळातली एखादी कौटुंबिक मालिका घ्यावी, जिच्यात जेवण, भाडे, नोकरी आणि सासूबाई असतील. तिच्यातला दोन मिनिटांचा, दोनच माणसे बोलत असतील असा प्रसंग निवडावा आणि आठवडाभर दुसरे काही पाहू नये.

पहिल्या दिवशी आवाज बंद करून पाहावा. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकचा आणि त्यांचा मूकपटांचा कारखाना नाशिकचा, तेव्हा ही रीत आपल्याला परकी वाटू नये. चेहरे पाहून कोण चिडले, कोण विनवते आहे याचा अंदाज वहीत लिहावा. दुसऱ्या दिवशी आवाजासह पाहून किती अंदाज बरोबर आले ते तपासावे. नंतरचे दोन दिवस एकेक ओळ थांबवून लिहून काढावी. अक्षर ओळखता आले नाही तर ‘प्लेको’ या शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये बोटाने रेखाटून शोधावे. पाचव्या दिवसापासून पात्राच्या पाठोपाठ, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, त्याच रागाने किंवा त्याच लाडाने बोलावे. घरच्यांना हे विचित्र वाटते. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मी हे ओठांतल्या ओठांत करीत असताना शेजारच्या आजोबांनी ‘कोणता जप?’ असे विचारले होते. तरीही हा भाग टाळू नये, कारण गाण्याने न दिलेला सूर येथेच मिळतो: रागातही चढणारा शब्द चढतोच आणि प्रश्नातही पडणारा शब्द पडतोच, हे केवळ नियम वाचून जिभेला कळत नाही.

चित्रपट निवडताना तो कोणत्या भाषेत आहे ते आधी पाहावे. हाँगकाँगचे मारामारीचे अनेक चित्रपट मुळात कँटोनीजमध्ये आहेत. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा २००० सालचा चित्रपट मँडरिनमध्येच आहे आणि सुंदर आहे, परंतु त्याचे दोन प्रमुख कलाकार, चौ युन-फॅट आणि मिशेल यो, यांची मँडरिन ही मातृभाषा नव्हे. त्यांच्यामागून उच्चार गिरवू नयेत.

तसेच तैवान आणि दक्षिण चीनमधील पुष्कळ लोक ‘ष’ आणि ‘स’ एकच करून टाकतात. चार म्हणजे ‘स’ आणि दहा म्हणजे ‘ष’, त्यामुळे चौदा, चाळीस आणि चव्वेचाळीस कानाला एकाच माळेचे मणी वाटतात. ‘षट्कोन’ आणि ‘शहर’ एकाच तोंडाने म्हणणाऱ्या आपल्याला इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार नाही, पण भावाची बोलणी करताना आकडा टंकून घ्यावा हे उत्तम.

अक्षरांची भीती

अक्षरे पाठ करण्याच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि आपल्या प्रसंगातली रोज पाचच अक्षरे घ्यावीत. बहुतेक अक्षरांचा एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. लाल बटणावरच्या ‘थिंग’मध्ये डावीकडे दोन रेघांत आवळलेला माणूस आहे आणि उजवीकडे विसाव्याचा मंडप, त्या मंडपाचा उच्चारही ‘थिंग’च. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरे चालतात, तर तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी. तंग ली-च्युनच्या गाण्यांखाली बहुधा जुनी अक्षरे दिसतील, म्हणून गोंधळू नये. कारखान्यांशी काम असेल तर सोपी अक्षरेच शिकावीत.

नावांतूनही अक्षरे लक्षात राहतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांचे चिनी नाव ‘ख ती-ह्वा’, आणि त्यातला ‘ह्वा’ म्हणजे चीन. मुलाचे नाव ‘यिन-ह्वा’ ठेवले गेले: ‘यिन-तू’ म्हणजे भारत, त्यातला ‘यिन’, आणि चीनचा ‘ह्वा’. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही दोन अक्षरे विसरणे कठीण जाईल.

साधने आणि पुढची पायरी

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक आणि वीचॅट होते, आणि नंतर यादी वाढली. ती आडमार्गाने फोनवर घेण्याच्या भानगडीत पडू नये. यूट्यूबवर गाणी, कार्टून आणि मालिका पुरेशा आहेत, आणि तिथे वेग पाऊणपट करता येतो. शब्दांच्या उजळणीसाठी ‘अँकी’ हे अ‍ॅप पुरते. ‘एचएसके’ या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या रचनेत पहिल्या पातळीला १५० शब्द आणि दुसरीला ३०० शब्द होते. २०२१ साली नऊ श्रेणींची नवी मानके आली. परीक्षा द्यायची नसली तरी जुन्या दीडशे शब्दांची यादी सोबत ठेवून, गाण्यातला कोणता शब्द रोजचा आणि कोणता केवळ कवीचा, हे ताडून पाहावे.

मालिकांखालच्या प्रतिक्रियांत आकडे दिसू लागतील. ५२० म्हणजे ‘वू अर् लिंग’, जे ‘वो आइ नी’, म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, याच्या जवळपास ऐकू येते. ८८ म्हणजे ‘पा-पा’, अर्थात बाय-बाय. आपल्याकडे चारसोबीस असतो, तसा त्यांच्याकडे अडीचशे असतो, आणि तो लबाड नसून मूर्ख असतो. म्हणून एखाद्या वस्तूचा भाव २५० निघाला तर तो आकडा माणसाकडे बोट दाखवून उच्चारू नये.

तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष माणसाशी बोलावे. ज्यांचा पुरवठादार आहे त्यांनी पुढच्या कॉलच्या आरंभी दोनच वाक्ये चिनीत म्हणावीत, ती आदल्या रात्री ध्वनिमुद्रित करून मालिकेतल्या आवाजाशेजारी ठेवून ऐकावीत, आणि समोरून वेगाने उत्तर आले तर ‘छिंग मान इ-त्येन’, म्हणजे ‘कृपया थोडे सावकाश’, एवढे तयार ठेवावे. मी हल्ली ‘माइ’ म्हणताना हनुवटी खाली दाबतो. समोरचा हसतो, पण ऑर्डर घेण्याचीच लिहून घेतो.